चिऊ, तक्ता मांडताना एवढं लक्षात ठेव

चिऊ, परवा फोनवर तुझा आवाज उतरला होता. गणित बरोबर, वर्किंग स्वच्छ, तरी नव्या मशीनचा प्रस्ताव पुढच्या तिमाहीवर ढकलला, म्हणून खट्टू झालीस. फोनवर घाईघाईत सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती, म्हणून आज निवांत लिहिते आहे.

आधी मनातून एक काढून टाक. तू कमी पडलीस असं नाही, आणि तुझे साहेब अडाणी आहेत असंही नाही. कॉस्टिंग शिकताना आकडा कसा काढायचा हे आपल्याला पक्कं शिकवतात. तो आकडा वाचणाऱ्याच्या डोक्यात शिरल्यावर त्याचं काय होतं, हे मात्र कुणी सांगत नाही. ताळेबंद कायद्यासाठी, बँकेसाठी, भागधारकांसाठी करावाच लागतो. आपला मॅनेजमेंट अकाउंटिंगचा तक्ता मात्र कुणीतरी तो बघून काहीतरी ठरवावं एवढ्यासाठीच जन्माला येतो. मग ठरवणारा मेंदू कसा चालतो हे समजून घेणं आपल्या कामातच आलं, नाही का?

तुझंच उदाहरण घेऊ, आकडे जरा सोपे करून. जुनं मशीन चार वर्षांपूर्वी ८० लाखांना घेतलं. दहा वर्षांत समान घसारा धरला, म्हणजे आज पुस्तकी किंमत ४८ लाख. विकायला काढलं तर २० लाख येतील. नवं मशीन ६० लाखांचं, आणि त्यामुळे पुढची पाच वर्षं दरसाल १५ लाख वाचणार. पाच वर्षांनंतर दोन्हींची किंमत शून्य धरू आणि कराचा भाग तूर्त बाजूला ठेवू. आज हातातून जाणार ६० वजा २०, म्हणजे ४० लाख. १२ टक्के दराने त्या पाच वर्षांच्या बचतीचं आजचं मूल्य होतं साधारण ५४ लाख. म्हणजे १४ लाख पदरात पडतात. जुन्या मशीनचे ४८ लाख या हिशेबात कुठेच येत नाहीत. ते पैसे कधीच खर्च झालेत, निर्णय कुठलाही घेतला तरी परत येणार नाहीत. यालाच बुडीत खर्च म्हणतात.

पण तू मला पाठवलेल्या तक्त्यात वरून तिसरी ओळ कोणती होती, आठव. ‘जुन्या मशीनच्या विक्रीवरील तोटा: २८ लाख’. ठळक अक्षरात, कंसात. तिथेच मीटिंग संपली गं. खालचे १४ लाख तुझ्या साहेबांनी वाचलेही असतील, पण तोवर मन २८ लाखांत अडकलेलं.

हे असं का होतं, ते डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं. माणूस फायदा-तोटा एका ठरावीक बिंदूपासून मोजतो आणि तेवढ्याच रकमेचा तोटा त्याला फायद्यापेक्षा बराच जास्त बोचतो. पुढच्या अनेक प्रयोगांत ही बोच साधारण दुप्पट भरली. २००७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून पन्नास-पन्नास टक्के शक्यतेच्या पैजा दाखवल्या. मिळकतीची रक्कम वाढली की मेंदूतल्या काही भागांची हालचाल वाढायची. तोट्याची रक्कम वाढली की त्याच भागांची हालचाल खाली यायची, आणि उतरण्याचा वेग चढण्यापेक्षा जास्त असायचा. ज्यांच्यात हा फरक मोठा, ते प्रत्यक्ष पैजा घेतानाही तोट्याला जास्त बिचकत होते. म्हणजे तुझे साहेब हट्टाने वागले नाहीत. त्यांचा मेंदू माणसाच्या मेंदूसारखा वागला.

शब्दांचा खेळही कमी नसतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये बेनेदेत्तो दे मार्तिनो आणि सहकाऱ्यांनी २००६ साली एक सुंदर प्रयोग केला. प्रत्येकाला सुरुवातीला ५० पौंड मिळाले असं समजायचं. एकदा विचारायचं, ‘२० पौंड ठेवता की जुगार खेळता?’ दुसऱ्यांदा, ‘३० पौंड गमावता की जुगार खेळता?’ दोन्हींत हातात २० पौंडच उरतात. पण ‘ठेवा’ म्हटल्यावर सुमारे ४३ टक्के वेळा लोक जुगाराकडे वळले, आणि ‘गमवा’ म्हटल्यावर सुमारे ६२ टक्के वेळा. शब्दांच्या ओढीने निर्णय झाला की भावनांशी जोडलेला ॲमिग्डाला हा भाग जास्त सक्रिय दिसत होता. जे कमी भुलले, त्यांच्यात कपाळामागचा पुढचा भाग अधिक काम करताना दिसला.

यातून तुझ्यासाठी मी काय घेते, ते सांगते. पहिल्या पानावर फक्त आजपासून पुढे बदलणाऱ्या रकमा ठेव. पैसे किती जाणार, किती येणार, कधी येणार. २८ लाखांचा पुस्तकी तोटा दुसऱ्या पानावर, ‘खात्यांवर होणारा परिणाम’ या शीर्षकाखाली घे. लपवू मात्र अजिबात नकोस. तो त्या वर्षीच्या नफा-तोटा पत्रकात दिसणार आहे, कुणाच्या तरी बोनसवर त्याचा परिणाम होणार आहे, आणि उद्या तो अचानक समोर आला तर तुझ्यावरचा विश्वास जाईल. तिसरी गोष्ट, ‘काहीच न करणं’ या पर्यायाला स्वतःचा रकाना दे. जुनं मशीन ठेवलं तर पाच वर्षांत ७५ लाख जादा खर्च होणार आहेत, हेही कागदावर दिसू दे. मात्र ७५ लाखांचा तोटा दाखवून घाबरवायचं नाही. त्याच्या शेजारी ‘नवं घेतलं तर ७५ लाख बचत’ असंही लिही. दोन्ही बाजूंनी वाचूनही निर्णय तोच राहिला, तर तो पक्का समज.

आता जरा नाजूक विषय. ते जुनं मशीन चार वर्षांपूर्वी कुणाच्या सहीने आलं, हे तू पाहिलंस का? बॅरी स्टॉ नावाच्या अभ्यासकाने १९७६ साली व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. कंपनीच्या कुठल्या विभागाला संशोधनासाठी पैसे द्यायचे हे आधी काहींनी स्वतः ठरवलं, काहींना दुसऱ्याने ठरवलेलं मिळालं. पुढे तो विभाग तोट्यात गेल्यावर सगळ्यात जास्त पैसे त्याच विभागात पुन्हा कुणी ओतले? ज्यांनी पहिला निर्णय स्वतः घेतला होता, त्यांनी. बुडीत खर्चाचा मोह नुसत्या पैशाचा नसतो, आपण चुकलो हे मान्य करण्याचं ते दुखणं असतं. म्हणून प्रस्तावाच्या पहिल्या वाक्यात ‘जुनी निवड योग्य नव्हती’ असा सूर कधीही लावू नकोस. त्या वेळी काय परिस्थिती होती आणि आज काय बदललंय, ते लिही. विजेचा दर बदलला असेल, पार्टची टॉलरन्स बदलली असेल, रिजेक्शन वाढलं असेल. ज्येष्ठ माणसाला मान खाली न घालता मत बदलता येईल एवढी जागा कागदातच ठेवावी. यात खुशामत नाही, समज आहे.

आता तुझ्या दर महिन्याच्या व्हेरियन्स रिपोर्टबद्दल. मला तर हा भाग फार आवडतो, कारण मेंदू स्वतःच व्हेरियन्स काढतो! वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशींची नोंद घेतली. अचानक फळाचा रस मिळाला की त्या पेशी जोरात चालू व्हायच्या. दिवा लागला की रस मिळतो हे माकड शिकलं, मग रसाच्या वेळी विशेष काही होईना, दिव्यालाच प्रतिसाद मिळू लागला. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी पेशींची गती खाली यायची. १९९७ साली शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांनी याचं गणित मांडलं. या पेशी किती मिळालं हे कळवत नाहीत, अपेक्षेपेक्षा किती वेगळं मिळालं हे कळवतात.

बजेट वजा प्रत्यक्ष. आपणही हेच तर करतो!

म्हणून दोन गोष्टी ध्यानात धर. एक, प्रत्यक्ष आकडा तोच असला तरी तो वाचून कुणाला बरं वाटणार आणि कुणाला वाईट, हे बजेट कुठे ठेवलंय त्यावर ठरतं. माणसांना हे आतून कळतं, म्हणूनच बजेटच्या वेळी प्रत्येक खातं थोडा ‘गादीचा’ आकडा मागतं. त्यांच्यावर चिडू नकोस. आकड्यामागची गृहीतकं एकत्र बसून लिहून घे, म्हणजे गादी आपोआप पातळ होते. दुसरी, प्रतिकूल व्हेरियन्स सगळ्यांना टोचतो, म्हणून त्याची चौकशी होते. अनुकूल व्हेरियन्सचा आनंद होतो आणि फाइल बंद होते. तिथेच फसगत आहे. परचेसने स्वस्त बार घेतला, किमतीचा व्हेरियन्स अनुकूल आला, सगळे खूश. महिन्याभराने शॉप फ्लोअरवर टूल लवकर झिजायला लागतात, भंगार वाढतं, वापराचा व्हेरियन्स प्रतिकूल येतो आणि शिव्या प्रॉडक्शनला बसतात. तू दोन्ही एका ओळीत दाखव. आणि चौकशीची मर्यादा दोन्ही बाजूंना सारखीच ठेव. पाच टक्के वर गेलं तरी विचारायचं, पाच टक्के खाली आलं तरी विचारायचं.

ओव्हरहेडच्या वाटपावरून होणारी भांडणं तर तू पाहिलीच असशील. मुख्य कार्यालयाच्या खर्चातला हिस्सा प्लांटवर टाकला की आवाज चढतात. रक्कम लहान असली तरी चढतात. ॲलन सॅन्फी आणि सहकाऱ्यांनी २००३ साली एक प्रयोग केला होता. दहा डॉलर दोघांत वाटायचे. एकाने वाटणी सांगायची, दुसऱ्याने ती घ्यायची किंवा नाकारायची. नाकारली तर दोघांनाही काहीच नाही. शुद्ध हिशेबाने पाहिलं तर एक डॉलरही घ्यावा, शून्यापेक्षा बरा. पण नऊ-एक किंवा आठ-दोन अशी वाटणी आली की पुष्कळ जण नाकारत. अशा वेळी मेंदूतला इन्सुला हा भाग जास्त सक्रिय दिसे. वेदना आणि किळस यांच्या वेळीही हा भाग जागा होतो. आणि तीच वाटणी माणसाऐवजी संगणकाने केली आहे असं सांगितलं, तर ती कमी वेळा नाकारली जायची.

म्हणजे माणूस रकमेबरोबर आपल्याशी कोण कसं वागलं, हेही वाचत असतो. म्हणून आकडा पाठवायच्या आधी वाटपाचा पाया कळव. मशीन अवर धरले, की मजुरीचे तास धरले, की व्यापलेली जागा, आणि तेच का. हरकत घ्यायला वेळ दे. आणि निर्णयाच्या तक्त्यात, म्हणजे पार्ट आपण बनवायचा की वेंडरकडून घ्यायचा असल्या प्रश्नात, वाटून आलेला खर्च मुळात घेऊच नकोस. पार्ट बाहेर दिला म्हणून मुख्य कार्यालयाचं भाडं कमी होणार नाही. तिथे फक्त टळणारा खर्च मोजायचा.

एवढं सगळं वाचून तुला वाटेल, मग भावना बाजूला ठेवून नुसत्या गणिताने ठरवावं. नाही गं, असं करता येत नाही आणि करूही नये. आयोवा विद्यापीठात अंतोनियो दामासिओ यांच्याकडे एक रुग्ण होता. कपाळामागची गाठ काढताना मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेली. बुद्धी शाबूत, स्मरण शाबूत, बोलणं उत्तम. पण भावना विझल्यासारख्या झालेल्या, आणि साधे निर्णयही धड घेता येत नव्हते. नोकरी गेली, संसार मोडला. दामासिओ यांनी त्याची गोष्ट १९९४ च्या पुस्तकात लिहिली आहे. त्यांचे सहकारी अँटोईन बेकारा यांनी पत्त्यांच्या चार गड्ड्यांचा एक खेळ तयार केला. दोन गड्ड्या मोठं बक्षीस देणाऱ्या पण शेवटी बुडवणाऱ्या, दोन थोडं थोडं देणाऱ्या पण तारणाऱ्या. निरोगी माणसांच्या हाताला वाईट गड्डीकडे जाताना सूक्ष्म घाम सुटू लागे, आणि तोही ती गड्डी वाईट का आहे हे त्यांना सांगता येण्याआधी. त्या भागाला इजा झालेल्या रुग्णांना हा इशारा मिळत नसे. ते त्याच गड्ड्यांतून पत्ते काढत राहत.

म्हणून प्लांटमधले जुने फोरमन ‘मॅडम, हा वेंडर मला बरा वाटत नाही’ म्हणाले तर हसून सोडून देऊ नकोस. पण लगेच मान्यही करू नकोस. कुठला अंदाज ऐकायचा, यासाठी चांगली कसोटी आहे. काहनेमन आणि गॅरी क्लाइन यांची अंतर्ज्ञानाबद्दलची मतं एकमेकांच्या विरुद्ध होती. २००९ साली त्यांनी मिळून लेख लिहिला आणि एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं. जिथे परिस्थिती नियमाने चालते आणि आपण बरोबर होतो की चूक हे माणसाला लवकर कळतं, तिथे मुरलेल्या माणसाच्या अंदाजावर विसंबता येतं. आईला फोडणी करपायच्या आधी वासावरून कळतं ना, तसं. मशीनच्या आवाजावरून बेअरिंग जाणार हे फोरमनना कळतं, तो अंदाज सोन्यासारखा. पण पाच वर्षांनंतर मागणी किती असेल याबद्दल कुणाचंही मन कितीही ठाम असो, त्याला पुरावा मागायचा. अंदाज ऐक, तक्त्यात त्याला वेगळी ओळ दे, कुणाचा आणि कशावरून ते लिही, आणि तो तपासायला माणूस नेम.

आपल्या क्षेत्रातलंही एक संशोधन सांगते, तुला अभिमान वाटेल. ॲन फॅरेल, जोशुआ गोह आणि ब्रायन व्हाइट यांनी २०१४ साली ‘द अकाउंटिंग रिव्ह्यू’मध्ये मेंदूच्या स्कॅनसह एक अभ्यास छापला. प्रस्ताव आणणारा माणूस आवडता की नावडता, यावर गुंतवणुकीचा निर्णय झुकतो हे आधीच माहीत होतं. प्रश्न असा, की कामगिरीवर आधारलेला मोबदला दिला तर हे थांबतं का? त्यांना आढळलं की आवडनिवड काही पुसली जात नाही. तिच्यावर विचारपूर्वक विश्लेषणाची जास्तीची भर पडते, आणि भावनेपायी होणारं नुकसान कमी होतं. मला यातला मथितार्थ फार मोलाचा वाटतो. माणसाची भावना घालवायचा खटाटोप करू नये. तिच्या शेजारी विचाराला बसायला जागा द्यावी. चिऊ, आपला तक्ता म्हणजे तीच जागा.

जागा द्यायची तर ती मोकळी हवी. एका वेळी मनात किती गोष्टी धरता येतात यावर जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली सातच्या आसपास असा आकडा सांगितला होता. नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये तो चारच्या जवळ आणला. आणि आपल्या एमआयएसच्या पानावर रकाने किती असतात? पहिल्या पानावर निर्णयाला लागणारे तीन-चार आकडे, बाकी सगळं जोडपत्रात. मेहनत दिसावी म्हणून पान भरू नकोस. तुझी मेहनत पानाच्या मोकळेपणातच दिसते.

एक मात्र सांभाळ. हे वाचून मीटिंगमध्ये ‘सर, तुमचा ॲमिग्डाला जागा झालाय’ वगैरे म्हणू नकोस. एमआरआय विचार वाचत नाही, रक्तातल्या प्राणवायूचा बदल मोजतो. एक भाग सक्रिय दिसला म्हणून अमुक भावनाच होती असं म्हणता येत नाही, कारण एकेक भाग अनेक कामं करतो. २००९ साली क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी चक्क मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला होता. संख्याशास्त्राची योग्य काळजी घेतली नाही तर त्या माशाच्या मेंदूतही ‘हालचाल’ दिसते, हे त्यांनी सगळ्यांसमोर ठेवलं. शिवाय हे निष्कर्ष बहुतेकदा गटाच्या सरासरीचे असतात. समोर बसलेल्या एका माणसाबद्दल ते काहीच खात्रीने सांगत नाहीत. मेंदूच्या शास्त्राने आपल्याला नम्र करावं, सर्वज्ञ नव्हे.

आणि ही विद्या कुणाला वळवण्यासाठी वापरायची नाही, हे ताई म्हणून हक्काने सांगते. शब्द फिरवून निर्णय फिरवता येतो हे एकदा कळलं की तसं करण्याचा मोह होतो. वरिष्ठही कधी म्हणतील, ‘जरा चांगलं दिसेल असं मांड.’ तेव्हा दोन्ही बाजू मांडूनच कागद दे. कॉस्ट अकाउंटंटची खरी कमाई म्हणजे तिच्या आकड्यावर कुणी दुसऱ्यांदा शंका घेत नाही, ही.

आता सगळं एकदम करायला जाऊ नकोस. येत्या मंथ-एंडपासून फक्त एक सवय लाव. प्रत्यक्ष आकडे उघडायच्या आधी, मोठ्या चार-पाच खर्चांचा तुझा अंदाज आणि त्याचं कारण वहीत तारीख घालून लिही. निकाल कळल्यावर ‘हे मला वाटलंच होतं’ असं प्रत्येकाला वाटतं. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ साली हे प्रयोगाने दाखवलं आहे. वही तसं वाटू देत नाही. कुठल्या खर्चात तुझा अंदाज बसतो, कुठे सारखा चुकतो, हे काही महिन्यांत तुला दिसेल, आणि त्यानंतर दुसऱ्यांच्या अंदाजांकडे तू जास्त मायेने आणि जास्त नेमकेपणाने बघशील. पहिली तिमाही झाली की वही घेऊन घरी ये. दोघी बसून एकेक ओळ पाहू.